मोटारगाडीतील आपत्कालीन हाक : बिघाड आणि दुरुस्ती

रात्रीची वेळ, पावसाने ओला झालेला ग्रामीण रस्ता आणि वळणावर झाडावर आदळलेली एक मोटारगाडी. चालक बेशुद्ध आहे. मागून दुसरे वाहन येण्याची चिन्हे नाहीत. अशा वेळी मदत मागणार कोण? युरोपातील राष्ट्रांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते असे, की मदत त्या गाडीनेच मागावी. युरोपीय संघाने २९ एप्रिल २०१५ रोजी तसा कायदा केला आणि ३१ मार्च २०१८ नंतर मान्यता मिळणाऱ्या प्रवासी मोटारींच्या व हलक्या मालवाहू गाड्यांच्या प्रत्येक नव्या प्रकारात ‘ई-कॉल’ ही आपत्कालीन हाक यंत्रणा बसविणे बंधनकारक झाले. या यंत्रणेमुळे मदत पोहोचण्यास लागणारा वेळ शहरी भागात ४० टक्क्यांनी आणि ग्रामीण भागात ५० टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा असतो हे आपल्याकडेही कायद्याने मान्य केले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने ‘सुवर्णतास’ या संकल्पनेची व्याख्याच कायद्यात समाविष्ट झाली.

परंतु हाक मारणारी यंत्रणाच मुकी झाली असेल तर? गाडीतील इतर बिघाड स्वतःहून बोलतात. ब्रेक सैल झाला तर पहिल्या उतारावर समजते, टायरमधील हवा गेली तर सुकाणू ओढू लागते. आपत्कालीन हाक यंत्रणा मात्र वर्षानुवर्षे काहीच काम करीत नाही. तिचे काम आयुष्यात एकदाच, बहुधा कधीच नाही, आणि जेव्हा पडते तेव्हा अर्ध्या मिनिटाचाही अवधी नसतो. ती बंद पडल्याने गाडीच्या चालण्यात कोणताही फरक पडत नाही. छताजवळच्या कळीवरील एक लहानसा तांबडा दिवा किंवा डॅशबोर्डवर उमटणारी एक ओळ, एवढीच तिची तक्रार असते. कामाच्या गर्दीत ती ओळ पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत मागे टाकली जाते, हे स्वाभाविक असले तरी धोक्याचे आहे.

हाक कशी जाते

या यंत्रणेचे मुख्य अंग म्हणजे डॅशबोर्डच्या मागे किंवा छताखाली बसविलेली एक नियंत्रण पेटी. तिच्यात मोबाईल फोनसारखा संच व सिमकार्ड, उपग्रहांवरून स्थान ठरविणारा ग्राहक आणि एक छोटी राखीव बॅटरी असते. पेटीला छतावरील अँटेना, चालकाच्या डोक्यावरचा मायक्रोफोन, स्पीकर आणि ‘एसओएस’ अक्षरांची, झाकणाखाली ठेवलेली कळ जोडलेली असते. हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, उघडण्याचा निर्णय घेणाऱ्या संगणकाकडून एक स्वतंत्र तार या पेटीकडे येते. जोराची धडक बसली की तोच संगणक पेटीला खूण देतो आणि ११२ क्रमांकावर हाक जाते. प्रवाशांपैकी कोणी शुद्धीवर असेल तर त्याला कळ दाबूनही तीच हाक देता येते.

हाक लागताच प्रथम माहिती जाते, मग माणसे बोलतात. ही माहिती जास्तीत जास्त १४० बाइटची, म्हणजे पोस्टकार्डावरील दोन-तीन ओळींइतकी असते. गाडीचे अक्षांश-रेखांश, ती कोणत्या दिशेने जात होती, वेळ, गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक, इंधनाचा प्रकार, आणि हाक आपोआप गेली की कळ दाबल्याने, एवढा तपशील तीत असतो. किती जणांनी सीटबेल्ट लावला होता, हेही तीत सांगता येते. विशेष म्हणजे ही माहिती वेगळ्या वाटेने न जाता बोलण्याच्याच वाटेने, सुरांच्या रूपात जाते. त्यामुळे त्या काही सेकंदांत गाडीतील माणसाला काहीच ऐकू येत नाही. मग नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याचा आवाज येतो. बोलणे संपल्यानंतरही पेटी किमान एक तास जागी राहते, कारण कक्षाला पुन्हा संपर्क साधण्याची गरज पडू शकते.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ही पेटी आपल्यावर सतत पाळत ठेवते अशा शंकेने काही मालक तिची जोडणी काढून टाकतात. ११२ वर हाक देणारी ही व्यवस्था नेहमीच्या स्थितीत मोबाईल जाळ्यात नोंदलेलीच नसते. गाडीचा सतत मागोवा घेता येणार नाही अशी तिची रचना असावी, हे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. निर्मात्याने स्वतंत्रपणे पुरविलेल्या इतर जोडणी सेवांची गोष्ट निराळी. त्यांच्या अटी मालकाने वाचून घ्याव्यात.

हायब्रीड गाडीचे वेगळेपण

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंच्या बळावर चालणारी हायब्रीड गाडी मोठ्या प्रमाणावर प्रथम जपानमध्ये १९९७ साली ‘प्रियस’ या नावाने विक्रीस आली. तिच्यात दोन बॅटऱ्या असतात. एक उच्च दाबाची. पूर्ण हायब्रीड गाड्यांत तिचा दाब सामान्यतः २०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि चाके फिरविण्यास ती हातभार लावते. दुसरी आपल्या परिचयाची १२ व्होल्टची बॅटरी. दिवे, संगणक, दरवाजांची कुलुपे आणि आपत्कालीन हाक यंत्रणा यांना वीज पुरविते ती ही दुसरी.

बिघाडाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथे आहे. साध्या गाडीची बॅटरी उतरू लागली की सकाळी स्टार्टर कण्हतो; घरातल्या मुलालाही ते कळते. पूर्ण हायब्रीड गाडीत इंजिन फिरविण्याचे काम उच्च दाबाच्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. लहान बॅटरीने फक्त संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडून द्यायचे. एवढ्या हलक्या कामास अर्धमेली बॅटरीही पुरते. गाडी निमूटपणे सुरू होते, मालक निश्चिंत राहतो. परंतु अपुऱ्या दाबावर जागे होणाऱ्या नाजूक पेट्या दररोज सकाळी अडखळतात व आपापल्या स्मरणात दोष नोंदवून ठेवतात. आपत्कालीन हाक यंत्रणेचा तांबडा दिवा हे पुष्कळदा त्या म्हाताऱ्या बॅटरीचे पहिले लक्षण असते. आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या, किंवा रोज केवळ दोन-तीन किलोमीटर धावणाऱ्या गाड्यांत असे विशेष घडते.

अपघातप्रसंगी हायब्रीड गाडीच्या हाकेला आणखी एक अर्थ असतो. धडक बसताच उच्च दाबाचे रिले आपोआप उघडून वीज तोडली जाते. तरीही पत्रा कापण्यापूर्वी ही गाडी कोणत्या प्रकारची आहे, नारिंगी रंगाच्या तारा कोठून गेल्या आहेत, हे बचाव पथकाला माहीत असणे आवश्यक असते. हाकेबरोबर गेलेल्या ओळख क्रमांकावरून व इंधनाच्या प्रकारावरून ते आधीच कळू शकते.

दिवा काय सांगतो

गाडी सुरू करताच यंत्रणा स्वतःची तपासणी करते. तपासणीपुरता दिवा लागणे व काही क्षणांत हिरवा होणे किंवा विझणे ही नेहमीची रीत. तो तांबडा राहिला किंवा यंत्रणेत बिघाड असल्याची सूचना उमटली, तर हाक जाण्याची खात्री नाही असे समजावे. अशी सूचना देणे निर्मात्यांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. युरोपात २०२१ साली वाहनांच्या नियतकालिक तपासणीच्या बाबींतही या यंत्रणेचा समावेश करण्यात आला.

तांबडा दिवा बिघाड कोणता हे मात्र सांगत नाही, आणि अनर्थ होतो तो येथेच. ‘पेटी गेली, बदलावी लागेल’ हे वाक्य उच्चारण्यास सोपे आणि मालकाला महाग पडणारे असते. वस्तुतः नियंत्रण पेटी हा या साखळीतील सर्वांत महाग भाग असून तिची तपासणी सर्वांत शेवटी व्हावयास हवी.

जाणता कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी मालकाशी बोलतो. दिवा केव्हापासून लागला? त्याआधी समोरची काच बदलली होती काय? छताचे अस्तर उतरविले होते काय? गाडी बरेच दिवस उभी होती काय? बाजारातून आणलेला रेडिओ किंवा कॅमेरा बसविला आहे काय? या चार-पाच प्रश्नांत अर्धे निदान होते. मायक्रोफोन व कळ आरशाजवळच्या छतपट्टीत असल्याने काच किंवा सनरूफच्या कामात त्यांचा कनेक्टर अर्धवट बसण्याची शक्यता असते. छतावरील माशाच्या परासारख्या अँटेनाची रबरी बैठक जुनी झाली की पावसाचे पाणी आत झिरपते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि उपग्रहाचा किंवा मोबाईलचा संकेत क्षीण होतो. पावसाळ्यात लागणारा आणि उन्हाळ्यात विझणारा दिवा बहुधा याच जागेकडे बोट दाखवितो.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम १२ व्होल्टची बॅटरी. काही तास शांत ठेवलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा किंचित अधिक असतो, १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मी उतरली. केवळ दाब पाहून भागत नाही, भार देऊन चाचणी घ्यावी लागते, कारण जीर्ण बॅटरीही विश्रांतीनंतर बरा आकडा दाखविते. हायब्रीड गाडीत नेहमीचा डायनामो नसतो. मोठ्या बॅटरीची वीज परिवर्तकाद्वारे उतरवून लहान बॅटरी भरली जाते. म्हणून भरणा तपासताना गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवावी लागते, आणि त्या वेळी दाब साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजणे ही हायब्रीडवर काम करणाऱ्या नवख्याची नेहमीची चूक. ‘रेडी’ स्थितीत इंजिन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते. मोजणी संपताच गाडी बंद करून किल्ली गाडीपासून लांब ठेवावी.

ही बॅटरी काही गाड्यांत मागील आसनाखाली किंवा डिकीत असते. बसण्याच्या जागेत असल्यामुळे तिच्यातील वायू नळीने बाहेर सोडण्याची सोय केलेली असते. बदलताना स्वस्तातली, नळीची सोय नसलेली बॅटरी बसविल्यास तो वायू गाडीतच साठेल. निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी घेणे येथे चैनीचे ठरत नाही.

त्यानंतर टर्मिनलवरचा पांढरा थर, अर्थिंगची तार आणि फ्यूज. हे पाहण्यास पैसे लागत नाहीत. मग डॅशबोर्डखालील जोडणीत तपासणी यंत्र लावून सर्व पेट्यांतील दोष-संकेत वाचून घ्यावेत आणि पुसण्यापूर्वी ते कागदावर उतरवून ठेवावेत. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे संकेत पेट्यांमधील आपसातल्या दळणवळणासंबंधी असतात. असे संकेत एकाच वेळी अनेक पेट्यांत आढळले, तर सर्वांचे मूळ एकच, बहुधा वीजपुरवठ्यात आहे, असे धरून चालावे. एकट्या हाक यंत्रणेतच संकेत असेल आणि तो मायक्रोफोन, अँटेना किंवा राखीव बॅटरी यांचे नाव घेत असेल, तर त्या भागाकडे जावे. तरीही भाग बदलण्याआधी त्याची तार व कनेक्टर तपासावा. तुटलेली तारदेखील यंत्राला निकामी मायक्रोफोनसारखीच दिसते.

राखीव बॅटरीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. धडकेत मुख्य बॅटरी चिरडली किंवा तिची तार तुटली तरी हाक जावी, काही मिनिटे बोलता यावे आणि पुढे कक्षाकडून येणाऱ्या फोनची वाट पाहता यावी, यासाठी ती असते. लिथियम किंवा निकेल प्रकारची ही लहान बॅटरी वापराविनाही म्हातारी होते. उन्हात तापणाऱ्या छताखाली तिचे आयुष्य घटते, कडाक्याच्या थंडीत तिचा जोर उतरतो. यंत्रणा तिची क्षमता मोजत असते आणि ती ठराविक मर्यादेखाली गेली की तांबडा दिवा लावते. काही वर्षे वापरलेल्या गाडीत, इतर सर्व ठीक असताना लागणारा दिवा या एवढ्याशा बॅटरीचा असू शकतो. काही निर्माते ती सुटी विकतात, काहींच्या रचनेत ती संपूर्ण पेटीसहच मिळते. सुटी मिळते किंवा नाही हे मालकाने लेखी विचारून घ्यावे. खर्चातील अंतर मोठे असते. मिळत नाही म्हणून पेटी फोडून तीत दुसऱ्या कसल्यातरी बॅटरीचे डाख देण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. लिथियम बॅटरी चुकीच्या हाताळणीने पेट घेते, आणि तिचे ठिकाण प्रवाशांच्या डोक्याजवळ किंवा गुडघ्यांजवळ असते.

पेटीपर्यंत हात घालताना दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. हाक यंत्रणा कमी दाबावर चालते. तिच्या दुरुस्तीसाठी नारिंगी तारांना स्पर्श करण्याचे कारणच नाही, आणि तशी वेळ आली तर ते काम उच्च दाबाचे प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराकडेच सोपवावे. दुसरी गोष्ट, डॅशबोर्डच्या मागे एअरबॅग असतात. बॅटरीची ऋण तार सोडल्यावर त्यांच्या संगणकातील साठलेली वीज ओसरण्यास वेळ द्यावा लागतो. अनेक निर्माते किमान ९० सेकंद थांबण्यास सांगतात. प्रत्येक प्रकारच्या गाडीची पुस्तिका याबाबत अंतिम समजावी. मुख्य बॅटरी सोडली तरी राखीव बॅटरीमुळे पेटी जिवंत राहू शकते. काम करता करता कळ दाबली जाऊन नियंत्रण कक्षाला हाक गेल्यास घाबरून तारा ओढू नयेत. चुकून हाक गेली आहे, मदतीची गरज नाही, असे कर्मचाऱ्याला शांतपणे सांगावे.

मोडीतील पेटी

सर्व तपासण्यांनंतर पेटीच निकामी ठरली, तर मोडीत निघालेल्या गाडीची पेटी स्वस्तात बसवावी असा मोह होतो. दार, दिवा, आरसा यांच्याबाबतीत ही काटकसर योग्य ठरेल. पेटीच्या बाबतीत ती घातक ठरू शकते, कारण तिच्या स्मरणात जुन्या गाडीचा ओळख क्रमांक असतो. अपघाताच्या रात्री ती हाक देईलही. परंतु कक्षाच्या पडद्यावर भलत्याच गाडीचा प्रकार आणि भलतेच इंधन उमटेल. नवी पेटी बसवितानाही गाडीचा ओळख क्रमांक तीत नोंदविणे, इतर संगणकांशी तिची ओळख करून देणे व चालू आवृत्तीचा कार्यक्रम भरणे ही कामे निर्मात्याने मान्य केलेल्या साधनानेच करावी लागतात. पेटी जागेवर बसली आणि स्क्रू आवळले म्हणजे काम झाले, असे या बाबतीत नसते.

दुरुस्ती पुरी केव्हा मानावी, याचेही एक माप आहे. यंत्राने दोष-संकेत पुसले की दिवा विझतो. मूळ कारण कायम असेल तर तो दोन दिवसांनी पुन्हा लागतो. म्हणून संकेत पुसल्यावर गाडी बंद करून सर्व पेट्या झोपेपर्यंत थांबावे, पुन्हा सुरू करून स्वतपासणी होऊ द्यावी. मग गाडी मोकळ्या आकाशाखाली नेऊन उपग्रहाचे स्थान मिळते काय, मोबाईल संकेताची ताकद किती, राखीव बॅटरीची स्थिती काय आणि ओळख क्रमांक बरोबर आहे काय, हे यंत्रावर वाचावे. मायक्रोफोनमध्ये बोललेले स्पीकरवर ऐकू येते काय, ही चाचणीही घ्यावी. शेवटची चाचणी-हाक निर्मात्याने आखून दिलेल्या मार्गानेच द्यावी. ११२ क्रमांक फिरवून ‘लागतो का पाहू’ म्हणणे म्हणजे त्याच क्षणी कोठेतरी खरी हाक देणाऱ्याची वाट अडविणे होय. या तपासणीचा छापील अहवाल मालकाने मागून घ्यावा.

गॅरेजच्या हाताबाहेरचा बिघाड

एक बिघाड असा आहे की जो कोणत्याही पान्ह्याने दुरुस्त होत नाही. गाडी पंधरा-वीस वर्षे टिकते. मोबाईलची जाळी तेवढी टिकत नाहीत. अमेरिकेत एका मोठ्या दूरध्वनी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले थ्री-जी जाळे बंद केले आणि केवळ त्याच जाळ्यावर अवलंबून असणाऱ्या अनेक गाड्यांची आपत्कालीन सेवा, पेटी शाबूत असूनही, थांबली. काही निर्मात्यांनी पेटी किंवा तिचा कार्यक्रम बदलून दिला. काही गाड्यांना उपायच उरला नाही. जर्मनीत २०२१ साली थ्री-जी जाळी बंद झाली, तरी टू-जी जाळे राखल्यामुळे तेथील हाक चालू राहिली.

युरोपातील मूळ ई-कॉल याच जुन्या, बोलण्याच्या वाटेवर बेतलेला होता. फोर-जी व त्यापुढील जाळ्यांवरून जाणारी नवी हाक १ जानेवारी २०२६ पासून वाहनांच्या नव्या प्रकारांना व १ जानेवारी २०२७ पासून सर्व नव्या वाहनांना लागू करण्याचा नियम युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये केला. मधल्या काळात विकल्या गेलेल्या लक्षावधी गाड्यांचे काय, हा प्रश्न दूरध्वनी कंपन्या, मोटार निर्माते आणि शासन या तिघांच्या मध्ये उभा आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तिची पेटी कोणत्या जाळ्यावर चालते हे विचारणे म्हणून अगत्याचे ठरते.

आपल्याकडील कळ

भारतात खाजगी मोटारींना अशी यंत्रणा बंधनकारक नाही. २०२२ पासून मध्यम किमतीच्या पूर्ण हायब्रीड गाड्या भारतीय बाजारात आल्या. जोडणी सेवा असणाऱ्या काही गाड्यांत ‘एसओएस’ कळ असते. परंतु ती युरोपाप्रमाणे थेट ११२ कडे जाते असे गृहीत धरू नये. ती कोठे लागते, सेवेची मुदत केव्हा संपते आणि मुदत संपल्यावर कळ चालते काय, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून नोंदवून ठेवावे. कार्यालयाच्या वाहनाबाबत ही नोंद लॉगबुकच्या पहिल्या पानावर असणे सोयीचे.

सार्वजनिक प्रवासी वाहनांची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, तीनचाकी रिक्षांसारखे अपवाद वगळता, स्थानदर्शक उपकरण व आपत्कालीन कळ बसविण्याचा केंद्रीय नियम आहे. आसनांजवळ बसविलेली ही तांबडी कळ पुष्कळ प्रवाशांनी पाहिली असेल; ती कशासाठी आहे हे थोड्यांनाच माहीत असते. तिच्यामागची रचना युरोपातील पेटीची धाकटी बहीण म्हणावी अशीच आहे : सिमकार्ड, उपग्रह ग्राहक, अँटेना आणि मुख्य वीज गेली तरी किमान ४ तास चालावी अशी अंतर्गत बॅटरी. फरक एवढा की ही कळ अपघातात आपोआप दाबली जात नाही. ती माणसानेच दाबावी लागते. बिघाड मात्र त्याच जातीचे : मुदत संपलेले सिम, सुटलेली तार, म्हातारी बॅटरी. शालेय सहलीसाठी बस ठरविणाऱ्या शिक्षकांनी परवाना व विमा पाहताना या उपकरणाचा दिवा लागतो काय आणि सेवेची मुदत चालू आहे काय, हेही वाहनमालकाला विचारावे.

ज्या गाडीचा तांबडा दिवा लागलेला आहे ती दुरुस्त होईपर्यंत चालविण्यास हरकत नसते. फक्त हाक माणसानेच मारायची आहे हे चालकाच्या ध्यानात असावे. फोन भरलेला व हाताशी असावा, सोबतच्या व्यक्तीलाही ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक ठाऊक असावेत. यंत्र अक्षांश-रेखांश सांगते. माणसाने रस्त्याचे नाव, जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा, गाडी कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात होती आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढे सांगितले म्हणजे पथकाला शोधाशोध करावी लागत नाही.